तळातली पाच नावं

सीवूड्समधल्या ज्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते, तिथे मैदान असं फारसं नाही. इमारतीच्या मागे एक चौकोन आहे. त्याच्या एका कडेला शाळेच्या बस उभ्या असतात, दुसऱ्या कडेला शेजारच्या सोसायटीची भिंत. बॉल भिंतीपलीकडे गेला की तिथला वॉचमन दोन-दोन दिवस परत देत नाही. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून दोन तास पी.टी.चे; परीक्षा जवळ आली की त्यातला एक गणिताच्या बाई मागून घेतात आणि मी देऊन टाकते. मुलं मैदानावर येतात तीच दमलेली. एक फेरी मारा म्हटलं की कुणाच्या पोटात दुखतं, कुणाचा बूट चावतो. सातवी-आठवीतली मुलं दोन मजले चढून धापा टाकताना पाहिली की मला धास्ती वाटायची, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

म्हणून दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत ते पट्टे आले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. कुठल्याशा कंपनीने मुलांच्या आरोग्यासाठी म्हणून ते दिले होते. काळा रबरी पट्टा, त्यावर नखाएवढा पडदा. मनगटावर बांधला की पावलं मोजायचा. दहा हजार पावलं झाली की थरथरायचा आणि पडद्यावर एक तारा फुटायचा. सहावी, सातवी, आठवीच्या सगळ्या मुलांना एकेक दिला. कुणी किती चाललं ते माझ्या फोनमधल्या ॲपवर दिसायचं.

पहिले पंधरा दिवस शाळेचं रूपच पालटलं. मुलं मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यातून गोल गोल फिरायला लागली. लिफ्टपाशी कुणी थांबेना. एका आईने मला सांगितलं, आमचा मुलगा दूध आणायला स्वतःहून खाली जातो, तेही तीन वेळा. आठवीतल्या एकाची पावलं एका रविवारी तीस हजार झाली, तेव्हा चौकशी केल्यावर कळलं की त्याने पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बांधला होता. मी हा किस्सा स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला. सगळ्या हसल्या. मीही हसले.

दर सोमवारी प्रार्थनेनंतर हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर पहिली दहा नावं दाखवायची, असं ठरलं होतं. पण ती नावं बदलेनात. जी मुलं आधीपासूनच धावणारी, खेळणारी होती, तीच वर. ज्यांना हलवायचं म्हणून हा सगळा खटाटोप, ती जागची हलत नव्हती. त्यांचा पट्टाही धूळ खात पडलेला असायचा.

त्यावर उपाय मी शोधला. ॲपमध्ये तळातली नावंही दाखवता येत होती. मी मुख्याध्यापिकांना म्हटलं, "मॅडम, वरच्या दहाबरोबर खालचे पाचही दाखवू या. जरा टोचलं तर हलतील."

त्या म्हणाल्या, "पालकांच्या तक्रारी येतील."

"गमतीगमतीत दाखवू. चिडवायचं नाही."

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. आमच्या गावच्या शाळेत शर्यतीत शेवटचं पोर आलं की सर मोठ्याने ओरडायचे, "आली बघा म्हातारी!" चौथीत असताना ती म्हातारी मी होते. त्या शरमेनेच मी पहाटे धावायला लागले, पुढे तालुक्याला, जिल्ह्याला धावले आणि त्याच जोरावर ही नोकरी मिळाली. शरमेचा उपयोग होतो, हे मला माझ्या अंगावरून माहीत होतं. एखाद्याच्या बाबतीत ती उलटीही लागू शकते, याचा विचार मी केला नाही.

पडद्यासाठी मी मथळा तयार केला, 'अजून थोडं चालू या!' त्याच्या बाजूला कासवाचं चित्र टाकलं. शेवटी शर्यत कासवच जिंकतं, असं माझ्या मनात होतं. मुलांच्या मनात ते आलं नाही. त्या सोमवारी कासव पडद्यावर आलं आणि अख्खा हॉल खदखदून हसला.

सगळ्यात खालचं नाव सातवीतल्या एका मुलीचं होतं. दिवाळे कोळीवाड्यातून यायची. वडिलांची होडी, आई मासळी विकायला बसायची. मुलगी अंगाने भरलेली, उंच, कायम शेवटच्या रांगेत. कुणाशी भांडण नाही, फार मैत्रीही नाही. माझ्या तासाला ती बसच्या सावलीत उभी राहायची आणि मी हाक मारली की तेवढ्यापुरती चार पावलं टाकायची. हॉल हसला तेव्हा तिने मान खाली घातली आणि वेणीची सुटलेली रिबीन पुन्हा बांधायला घेतली. बराच वेळ बांधत राहिली. मी ते पाहिलं. मला वाटलं, लागलं, आता हलेल.

दोन दिवसांनी ती जिन्यात मला भेटली. "मॅडम, किती चाललं की नाव जातं?"

"दहा हजार धर. म्हणजे तुला काळजीच नाही."

"रोज?"

"रोज."

तिने मान हलवली आणि गेली. एखाद्याने पत्ता विचारावा आणि मिळाल्यावर निघावं, तसं.

तिसऱ्या सोमवारी तिचं नाव तळात नव्हतं. जानेवारी लागता लागता ती पहिल्या दहात आली. मी हॉलमध्ये माइकवरून तिचं नाव घेतलं, टाळ्या वाजवायला लावल्या. कंपनीची दोन माणसं पाहणीला आली होती, त्यांच्यासमोर तिला उभी केली. "तळातून वर आलेली आमची मुलगी," मी म्हटलं. त्यांनी तिच्या हातात एक पाण्याची बाटली दिली आणि आम्हा दोघींचा फोटो काढला. ती त्या फोटोत हसते आहे. हे नमूद करायला हवं, कारण पुढे मला पुष्कळ वेळा वाटलं की ती तेव्हाही दुःखीच होती. तसं नव्हतं. त्या दिवशी ती खुश होती.

मग आकडे फारच वर जायला लागले. अठरा हजार. वीस हजार. एकदा बावीस हजार. आणि माझ्या तासाला मात्र ती पूर्वीपेक्षा हळू धावत होती. उजवा पाय जरा ओढायची. मी एकदा विचारलं, "पाय का ओढतेस?"

"काही नाही, मॅडम."

"मग नीट उचल. नाटकं नकोत."

गणिताच्या बाई एके दिवशी माझ्या फोनमध्ये डोकावल्या. "बावीस हजार? ही? अहो, ती दोन जिने चढली की कठड्याला धरून उभी असते. काहीतरी गडबड आहे बघा." मला कुत्र्याचा किस्सा आठवला, आणि माझं डोकं तापलं. मी हिला माइकवरून शाबासकी दिली, परक्या माणसांसमोर मिरवलं, आणि ही मला फसवते?

दुसऱ्या दिवशी तासाला मी तिला सगळ्या वर्गासमोर पुढे बोलावलं. "रोज वीस-वीस हजार पावलं तू चालतेस?"

"हो, मॅडम."

"आणि इथे एक फेरी होत नाही?"

तिने बसच्या सावलीकडे पाहिलं.

"खरं सांग. कुठल्या कुत्र्याला बांधतेस?"

वर्ग हसला. मला ते हसू हवंच होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पट्ट्याचं बक्कल काढायला लागली. ते लवकर निघेना. शेवटी काढून तिने माझ्या तळहातावर ठेवला. "मग मोजू नका, मॅडम," ती म्हणाली आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. रडली नाही.

पट्टा मी ट्रॅकसूटच्या खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुपारी तिच्या घरी जायचं ठरवलं. आईला सांगायचं होतं की मुलगी खोटं बोलायला शिकते आहे, वेळीच लक्ष द्या.

रिक्षाने मला दिवाळ्यात देवळापाशी सोडलं. घर विचारत गेले तर दाराला कडी. शेजारच्या म्हातारीने हाताने दाखवलं, "धक्क्यावर असतीन. मायलेकी दोगी तितंच." फेब्रुवारीतली दुपार होती, पण ऊन चैत्रासारखं. धक्क्याच्या अलीकडे जाळ्यांवर सुकट वाळत घातलेली होती, दोऱ्यांवर बोंबील. चारपाच बायका छपराखाली बसून मासळी निवडत होत्या.

आणि धक्क्यावर ती मुलगी चालत होती.

शाळेचा गणवेश तसाच अंगावर. धक्क्याच्या या टोकापासून पाण्याकडच्या टोकापर्यंत जायची, वळायची, परत यायची. दुखऱ्या पायावर कमीत कमी भार टाकत, झुकत, पण थांबत नव्हती. ओठ हलत होते. माझ्या जवळून गेली तेव्हा ऐकू आलं, "चार हजार तीनशे अकरा, चार हजार तीनशे बारा..." पट्टा माझ्या खिशात होता. ती तोंडाने मोजत होती.

मी हाक मारली नाही. मारवली नाही. छपराखालून एक बाई उठून माझ्याकडे आली. हातांना मासळीचे खवले, पदर कमरेला खोचलेला.

"तुमी खेलाच्या मॅडम ना? फोटूत बगितलंय मी तुमाला."

"हो."

"बरं झालं आलात. आता तुमीच सांगा तिला. आमचं कोन ऐकत नाय." ती एका दमात बोलत होती, जणू कधीची थांबली होती. "शालेतून आली का दफ्तर टाकते न् हितं येते. पाच वाजस्तोवर चालते. मग क्लासला. परत आली का घरात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भात बंद केलाय. भाकरी अर्दी. डबा बगला तर तसाच परत. काल पट्टा नव्हता हाताला, मना वाटलं सुटली एकदाची. तर काल जास्तच चालली. विचारलं तर बोलते, मॅडमना खोटं वाटतंय, मी खरं करून दाखवनार. काय खोटं वाटतंय तुमाला, बाय?"

मी पायातल्या सँडलसकट धक्क्यावर धावले आणि तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "बस खाली."

"मॅडम, अजून सहाशे—"

"बस."

तिथल्याच एका दगडावर ती बसली. मी तिचा उजवा मोजा खाली केला आणि नडगीच्या हाडावरून अंगठा फिरवत आणला. वीत-दीड वीत काही नाही. मग एका जागी नुसतं टेकवलं तर ती किंचाळली आणि तिने माझा खांदा धरला.

या दुखण्याची ओळख मला शिक्षणात करून दिलेली होती. अति चालण्या-धावण्याने हाड हळूहळू कसं तडकतं, त्याआधी मूल पाय कसा ओढायला लागतं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. तीन आठवडे ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला नाटक म्हटलं होतं.

तिला उभी राहू दिली नाही. धक्क्यावरच असलेल्या तिच्या काकाने उचलून रिक्षात घातलं. जवळच्या सीबीडी भागातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघी गेलो. एक्स-रेत नडगीला केसाएवढी चीर होती. डॉक्टर तरुण होते, चिडलेले दिसले. "किती दिवस दुखतंय?"

मुलगी म्हणाली, "महिना झाला असेल."

"आणि चालत राहिलीस? का?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "नाव खाली जातं."

डॉक्टरांना काही कळलं नाही. तिच्या आईलाही नाही. मला कळलं. त्यांनी प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं, आणि वजन करून घेतलं. जवळपास तीन महिन्यांत ती बरीच उतरली होती. ते म्हणाले, या वयात हाडांना खायला लागतं, उपाशीपोटी एवढं चालवल्यावर दुसरं काय होणार.

पुढच्या आठवड्यात आईला शाळेत बोलावलं. मुख्याध्यापिकांच्या खोलीत त्या, मी आणि ती आई. ती ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून आली होती. मुख्याध्यापिकांनी चहा मागवला, वाईट वाटल्याचं सांगितलं, मुलीच्या परीक्षेची वेगळी सोय करू म्हणाल्या. आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते खालची नावं दावायचं कोनाच्या डोक्यातून आलं?"

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तसं कुणाच्या असं नाही. त्या ॲपमध्येच तशी सोय आहे. कंपनीने दिलेली."

त्यांनी मला वाचवलं, की शाळेला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी कपाच्या कडेकडे पाहत राहिले. बोलायला फार तर एक क्षण होता, तो गेला. आई उठली, नमस्कार केला आणि म्हणाली, "मशीनला काय बोलनार आपन?"

घरी गेल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू मुद्दाम थोडीच केलंस? चांगल्यासाठीच केलंस." हे वाक्य मी त्या दिवसांत स्वतःशीही पुष्कळ वेळा म्हटलं होतं. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते फारच तोकडं वाटलं.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी मी ती आई बसते त्या बाजारात गेले. तिच्यापुढे गिऱ्हाईक होतं. ती विळीवर बांगडे साफ करत होती. मी बाजूला उभी राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर तिने वर पाहिलं. "या मॅडम. काय देऊ?"

"मला काही नको. सांगायचं होतं. खालची पाच नावं दाखवायची कल्पना माझी होती. कंपनीची नव्हती. कासवाचं चित्रसुद्धा मीच लावलं. त्या दिवशी मी बोलले नाही."

तिचा हात थांबला नाही. एक बांगडा, दुसरा बांगडा. पोट चिरायचं, बोटाने साफ करायचं, पाण्यात बुडवायचं. मधेच एकजण आला. "पापलेट आहे का, मावशी?"

"नाय आज. बांगडा घ्या, ताजा हाय."

तो गेल्यावर ती म्हणाली, "मी शिकले नाय, मॅडम. चौथीतनं काडलं मना. मास्तर लोक बोलले ते बरोबर, असंच आमी धरतो. तुमी बोललात चाला, ती चालली. मीच बोलले तिला पयल्यांदा, मॅडम बोलतात ना, मग चाल." तिने विळी धुतली. "हे तिला सांगा. मना सांगून काय?"

रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी निघाले तशी तिने मागून हाक मारली. माझ्या हातात पिशवी नव्हती, तर कागदात गुंडाळून सहा बांगडे दिले. नको म्हटलं तर ऐकेना. "घ्या. तुमी डाक्टरकडे आलात त्या दिवशी, ते इसरले नाय मी." ते बांगडे मी घरी नेले. नवऱ्याने खाल्ले. मी हात लावला नाही.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा दिवाळ्याला गेले. मुलगी ओटीवर पाय उशीवर ठेवून बसली होती. प्लॅस्टरवर कुणीतरी निळ्या पेनाने होडी काढली होती. मी शेजारी बसले आणि आईला सांगितलं होतं तेच तिला सांगितलं, शब्द न फिरवता. वर्गात कुत्र्यावरून बोलले त्याचीही माफी मागितली.

ती प्लॅस्टरच्या कडेचा कापूस ओढत होती. म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नावं तुम्ही लावायला सांगितली ते. कॉम्प्युटर लॅबमध्ये तुम्ही तिथल्या सरांना सांगत होता. मी तिथे वही विसरले होते, ती घ्यायला आले होते. तुम्ही म्हणालात, त्या बसच्या सावलीतल्या बाईसाहेबांना जरा जागं करू."

मला ते वाक्य आठवेना. आजही आठवत नाही. पण ते माझं आहे, बोलण्याची ढब माझीच आहे.

"मग तू मला काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार?" तिने खांदे उडवले. "तुम्ही आधी मला नावाने कधी हाक मारली नव्हती. नंतर माइकवर घेतलंत." प्लॅस्टरवरच्या होडीवरून बोट फिरवत ती म्हणाली, "तेव्हा छान वाटलं होतं. म्हणून चालत होते."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो काढून घेतला नाही, आणि धरलाही नाही. आतून आईने चहाला हाक मारली.

सोमवारची यादी त्यानंतर बंद झाली. मुख्याध्यापिकांना मी स्पष्ट सांगितलं की यादी चालू राहिली तर मी हॉलमध्ये उभी राहून ती कुणाची कल्पना होती ते सांगेन. त्यांनी एवढंच म्हटलं, "तुम्ही फार मनाला लावून घेता." खालची नावं गेली, वरचीही गेली. पट्टे वर्ष संपेपर्यंत मुलांकडे राहिले. जे आधी धावत होते ते धावत राहिले. बाकीच्यांनी हळूहळू चार्ज करणं सोडलं. एक गोष्ट खोटी सांगणार नाही. त्या पट्ट्यांमुळे सहावीतल्या तीन-चार मुलांना खरंच चालायची गोडी लागली. एकजण अजून वडिलांबरोबर सकाळी फिरायला जातो, आणि त्याचा दमाही कमी झाला असं त्याची आई सांगते. वस्तू वाईट होती असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मुलीचा पाय बरा झाला. एप्रिलच्या सुरुवातीला प्लॅस्टर निघालं. ती पुन्हा भात खायला लागली, पण ते सहज झालं नाही. आईने दोनदा डॉक्टर बदलले, एकदा समुपदेशक बाईंकडेही नेलं. तिथे मीही गेले होते, बाहेर बसून राहिले. आता ती नववीत आहे. अभ्यासात बरी आहे, चित्रं छान काढते. वऱ्हांड्यात भेटली की "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणते, हसते. तिच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते मला कळत नाही, आणि विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

मैदानावर मात्र ती येत नाही. दर सत्राच्या सुरुवातीला ती डॉक्टरांचं पत्र आणते, पायामुळे व्यायामातून सूट द्यावी म्हणून. पहिलं पत्र हाडांच्या डॉक्टरांचं होतं, ते खरं होतं. नंतरची पत्रं गल्लीतल्या कुठल्याशा दवाखान्याची आहेत. त्या पायाला आता काहीही झालेलं नाही, हे तिला, तिच्या आईला आणि मला ठाऊक आहे. तीनशे पासष्ट दिवस धावली तरी तो पाय दुखणार नाही.

गेल्या जूनमध्ये मी तिला पत्र हातात घेऊन विचारलं, "नुसती येऊन बसशील? खेळू नकोस. लंगडी, खो-खो बघ. कुणी काही मोजणार नाही. मीही नाही."

तिने विचार केला. खरंच केला, मला दिसलं. मग म्हणाली, "नको, मॅडम. सही करा ना."

शिक्षिका म्हणून मी सही करायला नको. या वयातल्या मुलीने खेळलं पाहिजे, घाम गाळला पाहिजे, पळताना पडलं पाहिजे. आज ती पळाली नाही तर पुढे कधीच पळणार नाही, हे मी कुणालाही छातीठोक सांगितलं असतं. तिला आग्रह करावा असं रोज वाटतं. आणि आग्रह करायला तोंड उघडलं की माझा आवाज मला त्या माइकवरच्या आवाजासारखा ऐकू येतो.

मी पत्र टेबलावर ठेवलं आणि सही केली. तिने ते घडी घालून दफ्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं, थँक यू म्हणाली, आणि चित्रकलेच्या वर्गाकडे गेली.